फौजीच्या खोलीची तपासणी

सोमवार, ७

सगळ्यांत आधी आली ती शिवणवाली, आणि तीही तोंडात टाचण्या धरून. म्हणजे कुणाचं तरी काम मशीनवर तसंच टाकून पळत आलेली. एकेक टाचणी काढून माझ्या उशीत खोचली आणि तोंड मोकळं झाल्यावर म्हणाली, "आजी, फौजीकडे माणसं येणार आहेत! सरकारी!"

तिच्या मागोमाग न्हावी, हातात साबणाचा ब्रश. "फोन माझ्या दुकानात आला, बातमी माझी, आणि सांगायला ही पुढे!" खाली गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसलंय म्हणे. मी म्हटलं, बसू दे, अर्धी दाढी घेऊन कुठं पळून जाणार ते? आणि दोघांना चहा टाकला.

ही वही नातीनं दिली आहे. म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस ते यात लिहीत जा, म्हणजे आमच्या कानांना सुट्टी." मी शाळेत गेले ती तिसरीपर्यंत. पण लिहायला लागले की हात आता थांबत नाही. तोंडासारखंच.

तर फौजी. आमच्या जिन्याखाली पाण्याचा पंप आहे, त्या खोलीत तो राहतो. तरुणपणी लढाईत होता, गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन परत आला. नोकरीची वर्षं पुरी व्हायच्या आत घरी पाठवलं, त्यामुळे पेन्शन अगदीच बेताची. पुढे आमच्याच इमारतीचा राखणदार झाला. गुडघा पार गेला तेव्हा घरमालकानं दुसरा राखणदार ठेवला, पण याला खोलीतून काढलं नाही. भाडं घेतो, तेवढंच. आता मात्र महिनाअखेर खोली रिकामी कर म्हणालाय, तिथं सायकली ठेवायच्या आहेत. घरमालक तसा वाईट नाही. दिसला की गाडीतून हात करतो.

माझी सून दवाखान्यात नावं लिहून घ्यायच्या खिडकीवर बसते, तिला कचेऱ्यांची रीत ठाऊक. तिनंच फौजीच्या वतीनं अर्ज केला होता. शहराबाहेर म्हाताऱ्या सैनिकांसाठी एक निवास आहे, गरम पाणी, दोन वेळचं जेवण, डॉक्टर, सगळं. तिथं एक खाट रिकामी झाली आहे. कुणीतरी गेलं असणार, एरवी तिथली खाट कशाला रिकामी होते. ती कुणाला द्यायची ते ठरवण्यासाठी कचेरीची माणसं गुरुवारी फौजीचं घर बघायला येणार.

घर बघायला म्हटल्यावर आमच्या अंगात वारंच शिरलं.

बुधवार, ९

आज बोटं दुखताहेत तरी लिहिणार.

काल आम्ही खाली गेलो तर फौजी आधीच कामाला लागलेला. फरशी घासून काढलेली, बूट चकचकीत. "तपासणी आहे," म्हणाला. इतकं ताठ उभं राहून म्हणाला की न्हाव्यानं पटकन आपली विजार वर ओढली.

एक चादर होती, तिची त्यानं अशी घडी घातली होती, कोपऱ्याला कोपरा, की वीट वाटावी. शिवणवालीला म्हणाला, "ही कड अर्धं बोट बाहेर आहे का बघा." ती म्हणाली, "तुम्ही माझ्या दुकानात या हो कामाला, माझी पोरगी कपडे असे गुंडाळते की गिऱ्हाईक ओळखत नाही." फौजी हसला. फार क्वचित हसतो तो, आणि हसला की त्याचे पुढचे दात नाहीत हे कळतं.

पण खोली नुसती स्वच्छ असून काय होतं? उघडी बोडकी ती उघडी बोडकीच. शिवणवाली म्हणाली, "आजी, परकी माणसं येणार, काय म्हणतील आपल्या इमारतीला?" माझ्या मनातलंच बोलली. मग काय विचारता! तिनं निळे पडदे आणले, कोरे, एका गिऱ्हाइकाचे, शुक्रवारी द्यायचे होते. तिची हातांची खुर्चीही आणली. न्हाव्यानं दुकानातला मोठा आरसा आणि गिऱ्हाइकांसाठीचा रेडिओ. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी गालिचा दिला. त्यांच्या घरात तो गुंडाळूनच असतो, बायकोला धूळ चालत नाही. मी आमचा खोली तापवायचा हीटर नेला, आणि डबे नेले, साखरेचा, तांदळाचा, बिस्किटांचा, सगळे भरलेले. वर एका ताटलीत फळं रचली.

सुनेला विचारलं नाही. ती आठवडाभर रात्रपाळीला आहे, दिवसा झोपते. जाता येता एवढंच म्हणाली, "खोली आहे तशी राहू द्या, आई." मी म्हटलं, हो गं, जरा नीटनेटकी करतोय.

फौजी मधे उभा राहून कुठं काय ठेवायचं ते हातानं दाखवत होता. खुर्ची भिंतीला समांतर. डब्यांची तोंडं एका दिशेला. आम्ही सगळे त्याचे शिपाई. मास्तरसुद्धा! इतकी मजा मला कित्येक दिवसांत आली नव्हती.

गुरुवार, १०

झालं! आणि काय झालं म्हणून सांगू!

कचेरीची बाई आली, चष्मेवाली, पन्नाशीची, पायांत साधे कापडी बूट. तिच्याबरोबर एक फोटो काढणारा. फौजीनं दारात खाडकन सलाम ठोकला. गुडघा दुखला असणार, पण तोंडावर काही नाही. दाढी न्हाव्यानं करून दिली होती, एक केस शिल्लक नव्हता. कोटाला मी स्वतः इस्त्री केली.

बाईनं खोलीभर नजर फिरवली. "छान ठेवली आहे हो खोली," म्हणाली. आम्ही जिन्यात उभे होतो, शिवणवालीनं मला कोपरानं ढोसलं.

"एकटेच राहता?"

"होय."

"जेवणाचं काय?"

"भरपूर."

"थंडीचं?"

फौजीनं हीटरकडे बघितलं. "सोय आहे."

"काही अडचण? काही कमी?"

"काही नाही."

कसा टाचा जुळवून बोलत होता! फोटोवाल्यानं फोटो काढले. पडद्यांचा एक, फळांचा एक. फौजीचा खुर्चीत बसून काढायचा म्हणाला, तर फौजीला हातांची खुर्ची जमेना, अगदी कडेवर बसला, परक्याच्या घरात बसल्यासारखा.

खोली कधी रिकामी करायची असं बाईनं विचारलं तेव्हा फौजी म्हणाला, "ते बघू." मला राहवेना. मी पुढे झाले. म्हटलं, "बाई, तुम्ही काळजी करू नका. आम्ही सगळे आहोत ना. याला आम्ही काही म्हणजे काही कमी पडू देत नाही. घरच्यासारखा आहे."

आणि बाईनं ते लिहून घेतलं. माझं वाक्य! मी बघितलं वाकून, अगदी "शेजारी" असा शब्द होता. एवढ्या वर्षांत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही. नवरा तर ऐकूनही घ्यायचा नाही.

जाताना बाई म्हणाली, "असे शेजारी सगळ्यांना मिळोत." शिवणवालीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शुक्रवार, ११

संध्याकाळपर्यंत सगळं जिथलं तिथं गेलं. शिवणवालीनं पडदे सकाळीच काढून नेले, गिऱ्हाईक यायचं होतं. खुर्ची, आरसा, रेडिओ, गालिचा, आमचा हीटर, डबे, फळंसुद्धा. एक चमचा इकडचा तिकडे झाला नाही. काय चांगली माणसं आहेत आमच्या इमारतीत! फौजीनं स्वतः प्रत्येकाची वस्तू दारात पोचवली, पुसून. बिस्किटांचा डबा मी त्याला ठेव म्हणणार होते, पण तोवर त्यानं तो ओट्यावर ठेवला आणि गेला.

मंगळवार, १५

आजचा दिवस खराब.

बाईचा फोन सुनेला आला. सून फोनवर "हो, हो" म्हणत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. ठेवला आणि मला म्हणाली, "खाट त्यांना मिळणार नाही."

"का बरं? कुठं कमी पडलं?"

"कमी पडलं नाही म्हणूनच." मग बाईनं फोनवर पाठवलेले फोटो तिनं मला दाखवले. "हे पडदे कुणाचे?"

"शिवणवालीच्या गिऱ्हाइकाचे."

"हा हीटर?"

"आपला."

"बाई म्हणाली, राहणी चांगली आहे, शेजाऱ्यांचा भक्कम आधार आहे, त्यांच्याहून अडलेली दुसरी माणसं आहेत. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं नाव पक्कं करणार." सून खुर्चीत बसली. "आई, गरीब माणूस आहे हे दाखवायचं होतं. तुम्ही त्याला श्रीमंत करून दाखवला. एका दिवसापुरता."

मी म्हटलं, "पण पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायचं नाही का?"

"पाहुणे नव्हते ते!" एवढ्या जोरात ओरडली की नात आतून बाहेर आली. "आणि 'काही कमी पडू देत नाही' हे कुणी म्हटलं? काय देतो आपण त्यांना? सांगा ना, काय देतो?"

मी आठवायला लागले. कधी उरलेलं सूप देते. जुनं स्वेटर दिलं होतं, माझ्या मुलाचं. पण तसं म्हटलं असतं तर ती आणखी भडकली असती, म्हणून गप्प बसले. मी गप्प बसले म्हणून नात घाबरली, मला पाणी आणून दिलं.

सुनेचं एक आहे, बोलते तिखट पण मनात ठेवत नाही. रात्री मला चहा करून दिला. साखर घालायला विसरली तेवढं सोडलं तर चांगला होता.

बुधवार, १६

आज खाली गेले. फौजीला खाटेचं ते सांगायचं होतं.

त्या खोलीत मी किती वेळा डोकावले असेन, पण बसले कधीच नव्हते. त्या तयारीच्या दिवसांतसुद्धा उभीच होते. आज बसायला म्हटलं तर कुठं बसायचं? फौजीनं बादली उपडी केली, वरून पुसली आणि दिली. स्वतः गोणपाटाच्या घडीवर टेकला. पाय सरळ ठेवून, तो वाकत नाही.

पंप सुरू झाला. देवा! भिंत थरथरते. बादली माझ्याखाली गुणगुणायला लागली. पाणी चढेपर्यंत बोलता येत नाही, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. भिंतीला ओल आहे, पडद्यांमागे ती झाकली गेली होती. मला तेव्हा वाटलं होतं पडदे खिडकीला लावलेत. तिथं खिडकीच नाही.

पंप थांबल्यावर मी सांगितलं. त्यानं ऐकलं. "ठीक आहे," म्हणाला.

"ठीक काय? महिनाअखेर कुठं जाणार?"

"बघू."

"अरे, त्या बाईनं सरळ विचारलं होतं, काही कमी आहे का. सांगायचं होतंस की!" माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असेल, म्हणून मी अरेतुरे करते, तो मात्र सगळ्यांसारखं आजीच म्हणतो.

"आजी, तपासणीत कमी आहे असं सांगत नसतात."

"का?"

"आमच्याकडे साहेब बघायला यायचे. ज्याचं काही फाटकं, तुटकं, हरवलेलं, त्याला शिक्षा. रात्रभर शिवून, दुसऱ्याचं उसनं आणून सगळे पुरं दाखवायचे. एकदा एका पोरानं सांगितलं की बुटाचा तळ गेलाय. खरंच गेला होता. आठ दिवस त्याच बुटांनी पळायला लावलं." मग म्हणाला, "आमची तपासणी चांगली झाली, आजी. बाईला काही खोट काढता आली नाही."

आणि असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी म्हटलं, "अरे, ही तपासणी वेगळी. इथं फाटकं दाखवलं तर बक्षीस." त्यानं मान हलवली. पटलं नाही. पुन्हा कुणी आलं तर तो पुन्हा फरशी घासेल आणि शिवणवालीकडून पडदे मागून आणेल, हे मला तिथंच कळलं. आणि ती देईलही, आनंदानं.

शुक्रवार, १८

आज कचेरी बघितली. सुनेनं सुट्टी काढली होती. मी चांगली शाल घेतली तर म्हणाली, "आई, साधी घ्या." आता तिला सगळीकडे तेच दिसतंय.

कचेरीत बाकं आहेत, लाकडी, आणि त्यांवर म्हातारे बसलेले. सगळे दाढी केलेले, सगळे ताठ. एकाच्या कोटाला बटणं वेगवेगळ्या रंगांची, पण सगळी लावलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी एकाला विचारलं किती वेळ लागतो, तर म्हणाला, "लागत नाही फारसा," आणि शेजारचा हसला.

चष्मेवाल्या बाईनं मला ओळखलं. "तुम्ही त्या शेजारच्या."

मी एका दमात सगळं सांगितलं. खुर्ची शिवणवालीची, आरसा न्हाव्याचा, गालिचा मास्तरांचा, हीटर आमचा, फळं दुसऱ्या दिवशी आम्हीच खाल्ली. "आणि ते वाक्य माझं. तेही उसनंच समजा, आणि खोडा."

बाईला हसू आलं. मग ते गेलं. चष्मा काढून डोळे चोळले तिनं. म्हणाली, "आम्ही कळवून जातो ना, त्यामुळे आम्ही जातो त्या प्रत्येक घरात पडदे नवे असतात. कुठले घरचे आणि कुठले आणलेले, ते मला कळत नाही. एकच खाट आहे, आजी. बाहेर बाकांवर बघितलंत ना?"

सून म्हणाली, "मग न कळवता या."

"तसं चालत नाही. त्यांना स्वतःला नाही, तर शेजारच्या एका जबाबदार माणसाला तरी कळवावं लागतं." मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तुम्ही जबाबदार आहात?"

सून खोकली. मी म्हटलं, "हो."

"मग तुम्हाला कळवलं. मी येऊन जाईपर्यंत दुसऱ्याचं नाव पक्कं करत नाही. मिळेलच असं नाही, फक्त पुन्हा बघेन." आणि येण्याचा दिवस सांगितला.

जिना उतरताना सून म्हणाली, "आई, आता हे पोटात ठेवा. शिवणवालीला नाही, न्हाव्याला नाही, नातीलाही नाही." मी म्हटलं, मी काय लहान आहे? आणि बसथांब्यावर एका अनोळखी बाईला मी सगळं सांगायला लागले तेव्हा तिनं माझा हात दाबला.

रविवार, २०

दोन दिवस कुणालाही काही बोलले नाही. शिवणवाली दोनदा येऊन गेली. "आजी, बरं नाही का? तोंड का बंद?" मी म्हटलं, दात दुखतोय. लगेच लवंगेचं तेल घेऊन आली आणि माझ्या दाताला लावूनच गेली. अजून झोंबतंय.

थंडी वाढली आहे. संध्याकाळी सून बाजारातून आली ती एक मोठं गाठोडं घेऊन. रजई, कोरी, जाड, तपकिरी. "फौजींसाठी," म्हणाली. "कायमची. परत आणायची नाही." आणि निघालीच खाली.

मला इतकं बरं वाटलं, आणि त्याच क्षणी मी तिचा हात धरला. "आत्ता नको."

"माणूस गारठलाय खाली, आई. खोकला ऐकू येतो वरपर्यंत."

"नवी कोरी रजई बघितली तर ती बाई काय लिहील?"

सून दारातच उभी राहिली. तिला पटलं, ते मला दिसलं, आणि पटलेलं तिला आवडलं नाही, तेही दिसलं. म्हणाली, "म्हणजे त्यानं तोवर कुडकुडायचं? आपण ऊब हातात घेऊन बसायचं?"

"मग काय करायचं? तूच सांग."

ती रजई घेऊन तशीच जिन्याच्या पायरीवर बसली.

तेवढ्यात फौजी वर आला, भिंतीला धरून. गरम पाणी न्यायला येतो तो रोज. रजई बघून थांबला. दोन बोटांनी कड चाचपली. "चांगली भरलीय. कुणाला?"

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नातीला."

"हं. पोरीला ऊब हवीच," म्हणाला. किटली भरून घेतली आणि उतरला. उतरायला त्याला वेळ लागतो, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवतो. आम्ही दोघी तो खाली पोचेपर्यंत ऐकत होतो. मग दार लागलं.

रजई आता माझ्या पलंगावर आहे, दोरीसकट. मी अंगावर घेतलेली नाही. सुनेनं अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही, पण जेवायला वाढलं.

बुधवारी सकाळी येते म्हणाली आहे बाई.